स्पॅनिशमधलं 'माझं-तुझं' : इंग्रजी बाजूला ठेवा, वऱ्हाडी आठवा

यवतमाळकडच्या खेड्यात बसून मोबाइलवर स्पॅनिश शिकत असाल, तर 'माझं-तुझं'चा धडा इंग्रजीतून शिकू नका. इंग्रजीत वस्तूचं लिंग पाहून 'माझं' बदलत नाही, म्हणून तिकडचे शिक्षक तासभर समजावत बसतात. आपण जन्मापासून म्हणतोच की : माहा बैल, माही गाय. स्पॅनिशचंही तेच. बैल असेल तर 'एल बुएय एस मीओ', गाय असेल तर 'ला बाका एस मीआ'. बोलणारा बाप्या आहे की बाई, याच्याशी काही घेणंदेणं नाही. अनेकवचनी मीओस, मीआस. तुयो (तुझा) आणि नुएस्त्रो (आमचा) यांचं रूपही असंच चालतं.

लिंग मात्र तिथलं धरायचं. वावर आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिथे नामांना ते लिंगच नाही. 'कांपो' पुल्लिंगी, 'कासा' म्हणजे घर स्त्रीलिंगी. शब्द पाठ करताना पुढे एल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) चिकटवूनच करा, पुढचा त्रास वाचतो.

नामाच्या आधी आखूड रूप 'मी' (म्हणजे माझं) येतं : मी कासा, मी कांपो. इथे लिंग पाहायचं नाही, अनेकवचनी फक्त 'मिस' होतं. (नुएस्त्रो तिथेही बदलतो, तेवढं लक्षात असू द्या.) नाम गाळलं की लांब रूप, आणि त्याच्याआधी एल-ला : 'मी बाका एस नेग्रा, ला तुया एस ब्लांका', माझी गाय काळी, तुझी पांढरी. 'एस मीआ' म्हटलं तर गाय माझ्या मालकीची, एवढंच. 'एस ला मीआ' म्हटलं तर चार गायींतली ती माझी. नागपूरकडे 'माझीवाली' म्हणतात ना, तीच.

खरा घोळ 'सु'चा. त्याची, तिची, त्यांची, तुमची, सगळ्यांना एकच 'सु बाका'. मराठी माणूस इथे अडतोच, कारण आपल्याला मालक कोण ते आधी कळायला लागतं. संदर्भावरून कळत नसेल तर सरळ 'ला बाका दे एल्या' म्हणा, तिची गाय. दोस्तमंडळींना 'तुमचं' म्हणायला स्पेनमध्ये 'बुएस्त्रो' आहे. लॅटिन अमेरिकेत तिथेही 'सु'च चालतं. नवख्याने बुएस्त्रो ओळखण्यापुरता शिकावा.

आणि डोकं दुखलं तर 'माझं' लावूच नका : 'मे दुएले ला काबेसा'. डोकं कोणाचं, ते 'मे'नेच (म्हणजे 'मला'ने) सांगून टाकलेलं असतं.