सांगलीच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याचा टँक कसा सांभाळायचा

एप्रिल लागला की सांगलीत पारा चाळीसच्या आसपास खेळायला लागतो, आणि स्लॅबखालच्या खोलीत समुद्री माशांचा टँक असेल तर संध्याकाळी पाण्यात बोट घातलं की चक्क कोमट लागतं. पण बोटावर भरवसा ठेवू नका. काचेवर चिकटवायची पट्टी पण नको, ती निम्मं काचेचं आणि निम्मं खोलीचं टेंपरेचर दाखवते. वायरला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि चार दिवस सकाळी सहा, दुपारी चार, रात्री अकरा असं वहीत लिहून काढा, मग कळतं की आपला टँक नक्की कधी आणि किती तापतोय. बऱ्याच जणांचा टँक दुपारी नाही तर रात्री नऊ-दहाला सगळ्यात गरम असतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा खोलीत उष्णता सोडत असतो.

आता आकडे. 24 ते 27 डिग्री सगळ्यात चांगलं. 28 ला स्थिर असेल तर क्लाऊन, डॅमसेलसारखे समुद्री मासे आरामात राहतात, त्यासाठी जिवाचा आटापिटा करून 25 वर आणायची गरज नाही. 29 दिसलं की कामाला लागा. 30 च्या वर दिवसचे दिवस राहिलं तर मासे धापा टाकतात आणि कोरल (प्रवाळ) असतील तर पांढरी पडायला लागतात. आणि माझं ठाम मत सांगतो, रोज 26 ते 30 असा झोका घेणाऱ्या टँकपेक्षा सलग 28 वर असलेला टँक कितीतरी बरा.

गोल्डफिश पाळून आलेले लोक म्हणतात की आमचे मासे तर 30 ला पण मजेत होते, पण खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. 30 डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या पण आत, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. म्हणून मासे वर येऊन पावरहेडजवळ (टँकमधलं पाणी फिरवणारा छोटा पंप) गोळा झालेले दिसले, कल्ले भराभर हलताना दिसले, तर आधी पावरहेडचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग खळबळता ठेवा, थंड करायचं नंतर बघा.

थंड करायला आपल्याकडचा सगळ्यात भारी उपाय म्हणजे फॅन. माठातलं पाणी जसं गार होतं तेच तत्त्व, आणि आपली एप्रिलची हवा किती कोरडी असते ते तासगावात शेडमध्ये बेदाणा कसा वाळतो ते बघितलेल्यांना सांगायला नको. काचेचं झाकण काढा, त्या जागी बारीक जाळी लावा (मासे उड्या मारतात, हे विसरू नका) आणि कॉम्प्युटरचे 12 व्होल्टचे दोन फॅन किंवा साधा टेबलफॅन पाण्यावर तिरका वारा लागेल असा ठेवा. माझ्या 120 लिटरच्या टँकमध्ये एवढ्यावर अडीच-तीन डिग्री उतरतं.

पण फॅन लावला की पाणी उडतं, माझं मे महिन्यात रोज दोन-अडीच लिटर जातं, आणि मीठ मात्र टँकमध्येच राहतं. दोन दिवस दुर्लक्ष झालं, पाच लिटर कमी झालं, तर 35 चा खारटपणा (हजार भाग पाण्यात 35 भाग मीठ) साडेछत्तीसवर जातो. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारून ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं नुसतं आरओचं पाणी त्या रेघेपर्यंत घालायचं. मिठाचं पाणी घालायचं नाही, इथेच नवीन लोक चुकतात. खोलीत वॉटर कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हवा दमट होते आणि टँकवरच्या फॅनचा उपयोगच राहत नाही.

टँक सगळ्यात गरम असतो त्या वेळी त्याचे लाईट बंद ठेवून इतर वेळी लावले तरी फरक पडतो. खाणं थोडं कमी करा, उरलेलं खाणं गरम पाण्यात लवकर सडतं आणि अमोनिया पण जास्त जहाल होतो. चिलर (पाणी थंड करणारं मशीन) परवडत असेल तर घ्याच, फक्त तो बंद कपाटात ठेवू नका, त्याची गरम हवा बाहेर जायला वाट पाहिजे.

बर्फाचं मात्र जपून. बर्फ थेट पाण्यात कधीच नाही, एक लिटरची बाटली थोडी रिकामी ठेवून गोठवायची आणि झाकण घट्ट लावून तरंगत सोडायची. शंभर लिटरला एक बाटली पूर्ण वितळली की साधारण एक डिग्री उतरते, हा हिशोब धरा आणि तासाला एक डिग्रीपेक्षा जास्त उतरवू नका. मी एकदा 32 बघून घाबरून चार बाटल्या एकदम सोडल्या, तासाभरात पाणी 29 वर आलं आणि मला हायसं वाटलं, पण आठवड्याच्या आत क्लाऊनच्या पंखांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. जोडीतला एक गेला. तेव्हापासून एकावेळी एकच बाटली.

आणि वळीव. दुपारभर उकडतं, हवा दमट असते म्हणून फॅनचा उपयोग होत नाही, मग वादळ सुटतं, झाड तारांवर पडतं आणि लाईट जाते ती कधीकधी मध्यरात्रीपर्यंत. त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून टँकशेजारीच ठेवा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी पावरहेड घ्या, बाकी काही नाही. डबाबंद कॅनिस्टर फिल्टर दोन-तीन तास बंद राहिला तर लाईट आल्यावर तसाच चालू करू नका, आत पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया मेलेले असू शकतात, आधी ते घाण पाणी बादलीत ओतून टाका. आणि फॅन तेवढा बंद करून झोपा, कारण वळवानंतर पहाटे हवा एकदम गार होते. हिटर 26 वर लावून टँकमध्ये असू द्या, मे महिना असला तरी.