कोकणातलं जुनं घर घेताना इसाराआधी काय तपासावं

घर पाहायला गेलात की मालक बहुतेक वेळा घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा) पुढे करतात. तो घ्या, पण त्यावर विसंबू नका. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे एवढंच त्यातून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. घर एकाचं आणि त्याखालची जमीन दुसऱ्याची, हे कोकणात सर्रास आढळतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: घर कोणत्या सर्व्हे नंबरात, कोणत्या हिश्श्यात उभं आहे? गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावठाणांत ती तयार झाली आहे. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते आधी बघा. वर्ग २ म्हणजे विक्रीवर निर्बंध असलेली जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा विषय निघतोच. मग ‘इतर अधिकार’ हा रकाना सावकाश वाचा. कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव, गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे सापडतं. जागा बिनशेती नसेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करणारं कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. दस्त नोंदला गेला म्हणजे सुटलात असं नाही. कलम ८४क खाली नंतरही चौकशी लागू शकते.

सगळ्यात जास्त व्यवहार मात्र अडकतात ते हिस्सेदारांपाशी. उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव तसंच असतं, गावातला एक भाऊ घर दाखवतो आणि ‘मुंबईवाल्यांची काही हरकत नाही’ असं सांगतो. हे तोंडी बोलणं पुरत नाही. जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून वंशावळ कागदावर मांडा. लग्न झालेल्या बहिणी आणि आत्या त्यात हमखास सुटतात. त्यांचा हक्क गृहीत धरूनच चाला. प्रत्येक वारसाची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. कोणी मुखत्यारपत्र दाखवलं तर ते देणारा माणूस हयात आहे याची स्वतः खात्री करा. एकाच भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका: एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४). मग वाटपाचा दावा लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

घर दोनदा बघा, एकदा मे महिन्यात विहिरीसाठी आणि एकदा जुलैत छपरासाठी. मे महिन्यात तासभर पंप चालवून पाणी किती उतरतं आणि पुन्हा चढायला किती वेळ लागतो ते मोजा. जुलैत कौलांपेक्षा वाशांकडे जास्त लक्ष द्या. वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. फुटक्या कौलातून ओल नेमकी तिथे मुरते आणि मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीतून वाळवी तिथवर चढते. वरची साल शाबूत ठेवून ती आतून लाकूड खाते, त्यामुळे वासा दिसायला ठणठणीत असतो आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत रुततं. भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली तर सुतार बरोबर नेल्याशिवाय भाव बोलू नका.

गाडी दारापर्यंत येते म्हणून रस्ता कायदेशीर आहे असं समजू नका. वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर तो हक्क नोंदणीकृत दस्ताने लिहून घ्या.

एवढं जमलं की भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या. हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांसमोर दाखवून घेतल्या की पुढची भांडणं टळतात. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. त्यानंतरच इसार, तोही बँकेतून आणि नोंदणीकृत साठेखतानेच (विक्रीच्या करारानेच). खरेदीखत झाल्यावर फेरफाराच्या नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपून नोंद मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे पाठपुरावा ठेवा, आणि घरपट्टी व वीजमीटर लगेच आपल्या नावावर करून घ्या.