हळदीची पूड स्थायू की द्रव? प्राथमिक वर्गात पदार्थाच्या अवस्था शिकवताना

सांगली जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षे तिसरी-चौथीच्या वर्गांना परिसर अभ्यास शिकवत आहे. डी.एड. करून नव्याने रुजू झालेले शिक्षक स्थायू, द्रव आणि वायू या घटकाची तयारी कशी करावी असे विचारतात, तेव्हा माझे पहिले सांगणे असते की फळ्यावर व्याख्या लिहून सुरुवात करू नये. दगड, पाणी आणि फुगा या उदाहरणांवर मुले व्याख्या सहज पाठ करतात. परंतु त्यांना काय समजले आहे, हे पटकन कोणत्याच गटात न बसणारी वस्तू समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे अशी वस्तू प्रत्येक घरात असते, ती म्हणजे हळद. द्रव भांड्याचा आकार घेतो, हे वाक्य ज्याने ऐकले आहे तो विद्यार्थी वाटीतली हळदीची पूड पाहून तिला द्रव म्हणतो, आणि त्याला मिळालेल्या व्याख्येपुरते त्याचे म्हणणे रास्तच असते. या ठिकाणी उत्तर सांगून पुढे जाऊ नये. माझ्या मते या एका प्रश्नासाठी संपूर्ण तासिका दिली तरी ती वाया जात नाही. एका ताटात पूड आणि दुसऱ्या ताटात पाणी ओतायला सांगावे. पुडीचा ढीग उभा राहतो, तर पाणी पसरून सपाट होते. त्यानंतर एक वाळलेले हळकुंड मुलांच्या हातात द्यावे, ते स्थायू आहे याबद्दल सर्वांचे एकमत होऊ द्यावे, आणि मग ते खलबत्त्यात कुटताना प्रत्येक घावानंतर आता ते काय झाले, असे विचारत राहावे. तुकडा कितीही बारीक झाला तरी नेमक्या कोणत्या घावाला तो द्रव झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. शेवटी खडेमीठ आणि बारीक मीठ भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे वाटीचा आकार ढिगाने घेतला आहे, कणाने नाही, हे मुले स्वतःच्या शब्दांत मांडतात.

स्थायू म्हणजे टणक, हा समज कापूस आणि हातरुमाल दाखवून लवकर दूर होतो. बालकांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा उंच आणि बसक्या पेल्यांचा प्रयोग मात्र केवळ परीक्षेपुरता वाचून सोडून देऊ नये. पाणी उंच पेल्यात ओतल्यावर ते वाढले असे वर्गातील काही मुलांना खरोखरच वाटते, आणि आकार बदलला तरी द्रव तेवढाच राहतो, हे त्यांना परत ओतून दाखवावे लागते.

अवस्था बदलते हे दाखवण्यासाठी हिवाळ्याची सकाळ सर्वांत सोयीची असते, कारण खोबरेल तेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गोठते आणि बाटली उन्हात ठेवली की पुन्हा पातळ होते. बर्फ मिळाल्यास स्टीलच्या पेल्यात ठेवावा. पेल्याबाहेर जमलेले थेंब आतून पाझरले, असे बहुतेक मुले म्हणतात. तेव्हा आतल्या पाण्यात शाई घालावी आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपून घ्यावेत. कागदावर शाईचा डाग येत नाही, म्हणजे ते पाणी हवेतून आले. हा प्रयोग पावसाळ्यात अधिक चांगला होतो, कारण त्या वेळी हवेत बाष्प जास्त असते.

वाफेबाबत शिक्षकांनी स्वतः जपून बोलावे. उकळत्या किटलीच्या तोटीशी नीट पाहिले, तर अगदी तोंडाजवळ थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट तिच्या पुढे सुरू होतो. पाण्याची वायुरूप अवस्था त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असते. पांढरा लोट हे पाण्याचे बारीक थेंबच असतात. वाफेने भाजते, म्हणून मुलांनी हे दुरूनच पाहावे. हवेला जागा लागते हे दाखवण्यासाठी तळाशी कोरडा कागद घट्ट बसवलेला पेला बादलीतील पाण्यात सरळ उपडा बुडवावा. कागद कोरडाच राहतो.

उसाचा हंगाम सुरू झाला की जवळच्या गुऱ्हाळावर मुलांना अवश्य न्यावे, मात्र त्याआधी एक भेद आपल्या मनात स्पष्ट असावा. रसाचा गूळ होणे हे पाण्याचा बर्फ होण्यासारखे नव्हे. रसात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते; काहिलीत, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईत, ते वाफ होऊन निघून जाते आणि उरलेला दाट पाक वाफ्यात, म्हणजे तो ओतायच्या उथळ हौदात, निवल्यावर घट्ट होतो. शाळेत परतल्यावर गुळाचा खडा तव्यावर गरम करून दाखवावा आणि यातून उसाचा रस परत मिळेल का, असे विचारावे. खोबरेल तेल पाहिलेली मुले सुरुवातीला हो म्हणतात, आणि मग रसातले पाणी कुठे गेले याची चर्चा आपोआप सुरू होते. गुऱ्हाळावर मुलांना चुलवाणापासून बऱ्याच अंतरावर उभे करावे, कारण तयार पाक सुमारे 118 अंशांपर्यंत तापलेला असतो; पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी बनते का हे गूळ बनवणारा गुळव्या पाहतो, ती गोळी निवल्यावर मुलांच्या हातात द्यायला गुळव्याला आवर्जून सांगावे.