धार्मिक आशयातून इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

बाळापूर, मंगरूळपीर किंवा दिग्रसच्या परिसरात उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींसाठी इंग्रजीचा वर्ग घेणारा शिक्षक रमजान, वजू (नमाजापूर्वी हात-तोंड-पाय धुणे), ईद, जकात (धर्माने ठरवलेले दान) अशा विषयांकडे वळतो, ते योग्यच आहे. आशय आधीच ठाऊक असल्याने विद्यार्थ्याचे सारे लक्ष भाषेवर राहते. मात्र मजकूर त्याची पातळी न पाहता केवळ पावित्र्य पाहून निवडला, की वर्ग बिघडतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट कुरआनच्या इंग्रजी अनुवादापासून सुरुवात करणे. पिकथॉल यांचा १९३० चा आणि अब्दुल्ला युसूफ अली यांचा १९३४ पासून प्रसिद्ध झालेला, हे दोन्ही प्रसिद्ध अनुवाद त्या काळीही जुन्या वाटणाऱ्या, ‘दाऊ’ (तू), ‘दाय’ (तुझा) अशी रूपे असलेल्या इंग्रजीत आहेत. आठवीतला मुलगा तीच रूपे आदराने पाठ करतो आणि परीक्षेत लिहून गुण गमावतो. त्याऐवजी बाराव्या सूरेतील (अध्यायातील) हजरत युसूफ यांची कथा शिक्षकाने स्वतः दहा-बारा सोप्या वाक्यांत लिहावी आणि मशिदीतील मौलानांकडून तपासून घ्यावी. स्वप्न पडले, भावांनी विहिरीत टाकले, काफिल्याने बाहेर काढले, मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) विकले: साध्या भूतकाळाच्या सरावाला इतका सलग मजकूर क्वचितच मिळतो. वजूच्या क्रमावरून आज्ञार्थी वाक्ये सहज होतात. शेतकरी घरांतील मुलांसाठी उश्रचा, म्हणजे पिकातून द्यायच्या धार्मिक हिश्श्याचा विषय मला विशेष उपयुक्त वाटतो. फिकहच्या (इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्राच्या) सर्वसाधारण नियमानुसार पावसावरच्या पिकाचा दहावा आणि ओलिताच्या पिकाचा विसावा भाग द्यायचा असल्याने अपूर्णांक आणि ‘इफ’ची (जर-तरची) वाक्यरचना एकाच वेळी शिकवता येते.

प्रश्नार्थक वाक्यांच्या सरावासाठी ‘आज तुझा रोजा आहे का?’ असे वर्गात एकेकाला विचारू नये. मासिक पाळीच्या काळात मुली रोजा ठेवत नाहीत, नमाजही पढत नाहीत. चारचौघांत त्यांना उत्तर देणे अवघड जाते आणि पुढे त्या वर्गात येणेच टाळतात. प्रश्न एखाद्या काल्पनिक कुटुंबाविषयी विचारावेत.

पैगंबरांची चित्रे काढायला लावणे किंवा त्यांची भूमिका वठवायला सांगणे पूर्णपणे टाळावे. सरावाच्या कागदावर अरबी आयत छापू नये, कारण तो कागद उद्या जमिनीवर पडेल किंवा पुडी बांधायला जाईल. मिलाद (पैगंबरांचा जन्मदिन साजरा करणे), फातेहा (मृतांसाठीचे पठण), उर्स यांविषयी मुस्लिमांमधील वेगवेगळ्या पंथांत मतभेद आहेत. इंग्रजीच्या शिक्षकाने त्यात पडण्याचे कारण नाही.

वर्ग कोठे भरतो, हेही पाहावे. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून जिल्हा परिषद शाळेच्या तासात सणांच्या माहितीपुरते थांबावे आणि बाकीचा भाग मोहल्ल्यातील खासगी वर्गासाठी ठेवावा.

एवढी काळजी घेऊनही विद्यार्थी वाक्ये घडाघडा म्हणतात, पण नवे वाक्य रचू शकत नाहीत, असे दिसले तर ती केवळ घोकंपट्टी समजावी. अशा वेळी रचना तीच ठेवून विषय बदलावा: इफ्तार सूर्यास्ताला होतो, या वाक्यानंतर लगेच आठवडी बाजार किती वाजता उठतो, हे त्यांना इंग्रजीत सांगायला लावावे.