अंदाजपत्रकाला बसण्याआधी

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, आणि आमच्या बाजारात माल त्याच्या बराच खाली गेला. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाशी याचा काय संबंध, असं नव्या सदस्यांनी विचारू नये. आमच्याकडे घरपट्टी येते ती आडत्याच्या पट्टीतून, म्हणजे माल विकून आलेल्या पैशातून.

तेव्हा नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रकाचा कागद, हातात घेण्याआधी नमुना 9 ची करमागणीची वही काढून घ्या. गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष हाती किती आलं ते उतरवा. सरासरी काढू नका, त्यातलं सगळ्यांत वाईट वर्ष धरा. समजा मागणी 6 लाखांची आणि वाईट वर्षात जमा झाले 3 लाख 40 हजार, तर जमेच्या बाजूला 3 लाख 40 हजारच लिहा. मी सरपंच असताना एका वर्षी आम्ही शंभर टक्के वसुली धरली होती. कागद देखणा झाला, सभेत टाळ्याही पडल्या. फेब्रुवारीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर संपली, दुकानदारानं उधारी नाकारली आणि दोन पोती मी खिशातून आणली. त्याचे पैसे अजून यायचे आहेत, पण ते जाऊ द्या.

थकबाकी एकगठ्ठा बघू नका. मयताच्या नावावरची घरं, भावकीच्या वाटणीत अडकलेली, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद, ही एकीकडे काढा. त्यांच्याकडून मार्चपर्यंत काही येणार नाही. उरतात ते ऐपत असून न भरणारे. ही नावं गावाला तोंडपाठ असतात आणि त्यात एखादा सदस्यही निघतो. निघाला तर त्यानं आधी पावती फाडावी. मागणीचं बिल मिळून तीन महिने झाले तरी कर भरला नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सदस्यत्व जाऊ शकतं. पण ती भीती घालायची वेळ येऊ नये. सदस्याच्या दारात पावती फाटली की त्या आळीत आणखी चार फाटतात.

खर्चात आधी पथदिव्यांची आणि नळयोजनेची वीजबिलं बारा महिन्यांची मांडा. 2021 च्या पावसाळ्यात थकीत बिलांपायी राज्यातली कितीतरी गावं अंधारात गेली होती, ते विसरू नका. मग शिपाई आणि पाणी सोडणारा यांचे पगार, मोटारीचं वाइंडिंग, व्हॉल्व्ह. मोटार जळते ती एप्रिल-मेमध्येच, विहीर तळाला गेल्यावर. तेव्हा तो पैसा मार्चअखेर झाडून खर्च होणाऱ्या खात्यात ठेवू नका.

स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणाला, 5 टक्के दिव्यांगांना. हात आखडता घ्यायची इच्छा नेमकी इथंच होते. तसं करू नका, आणि खरी जमा लिहिली असेल तर ती वेळ येतही नाही. 3 लाख 40 हजारांवर हे तिन्ही मिळून 1 लाख 2 हजार होतात. तीच जमा फुगवून 6 लाख लिहिली की 1 लाख 80 हजारांना बांधले जाता. वर्षाअखेरीला देता येत नाहीत, मग लेखापरीक्षणात शेरा बसतो.

वित्त आयोगाचा पैसा वेगळ्या कागदावर मांडा. पंधराव्या आयोगाच्या पैशातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेचा. उरलेला 40 टक्के अबंधित असला तरी त्यातून पगार भागवता येत नाहीत. 2025-26 हे त्या आयोगाचं शेवटचं वर्ष, म्हणून दोन वर्षं चालणारं काम त्याच्या भरवशावर धरू नका. आणि धराल ते काम गावाच्या विकास आराखड्यात आहे ना, तेवढं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल निघत नाही.

सभेच्या आदल्या संध्याकाळी अंदाजपत्रकाच्या झेरॉक्स सगळ्यांना पोचलेल्या असाव्यात. चहा सांगून ठेवा, बैठक लांबते. गावाच्या वेशीवरच्या स्वागत कमानीचा विषय कोणीतरी काढणारच, दरवर्षी काढतो. त्याच्याशी वाद घालत बसू नका. नमुना 9 सोबत नेलेलाच असेल, त्यातलं त्याच्या घराचं पान उघडून समोर ठेवा.