रोजच्या हवामानातील चढउतारांचे मॉडेलिंग करताना या चुका टाळा

तापमानवाढीमुळे एखाद्या प्रदेशातील रोजचे हवामान अधिक लहरी होणार की कमी, हे मॉडेलच्या आकड्यांवरून ठरवू पाहताना जो बदल हाती लागतो, तो पुष्कळदा वातावरणातला नसून आपल्याच आकडेमोडीतला असतो.

पहिली चूक म्हणजे प्रमाण विचलनालाच (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत, याचे माप) ‘रोजचा चढउतार’ समजणे. प्रमाण विचलन दिवसांचा क्रम पाहत नाही. आजच्या आणि उद्याच्या तापमानातील फरक मात्र लगतच्या दिवसांच्या सहसंबंधावरही (एका दिवसाचे तापमान आदल्या दिवसाशी किती मिळतेजुळते असते, यावरही) अवलंबून असतो. प्रमाण विचलन ४ अंशांवर कायम राहिले आणि हा सहसंबंध ०.८ वरून ०.७ वर आला, तर लगतच्या दिवसांतील फरकाचे प्रमाण विचलन सुमारे २.५ वरून ३.१ अंशांवर जाते. म्हणून दोन्ही मापे वेगवेगळी काढावीत. त्याआधी ऋतुचक्र आणि दीर्घकालीन कल वजा केला नसेल, तर सरासरीतील वाढच चढउतार म्हणून मोजली जाते.

जुन्या नोंदींत केवळ सरासरी वाढ मिळवून भविष्याची मालिका तयार करणे सोपे आहे, परंतु त्यात चढउतार बदलणार नाही हे उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत हिवाळ्यात ध्रुवाकडून येणारी हवा दक्षिणेकडील हवेपेक्षा वेगाने तापत असल्यामुळे दोन्हींतील तफावत घटते आणि तापमानाचे चढउतार कमी होण्याकडे कल असतो. उलट उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की बाष्पीभवनाच्या थंडाव्याचा लगाम सुटतो आणि हे चढउतार वाढू शकतात. ऋतू एकत्र करून वार्षिक आकडा काढणाऱ्याच्या हिशेबात हे दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात.

त्रुटी-दुरुस्तीबाबत, म्हणजे मॉडेलचे आकडे प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून घेण्याबाबत, विशेष सावध राहावे. जागतिक मॉडेलच्या जाळीतील एक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो आणि त्यातील पाऊस ही त्या क्षेत्राची सरासरी असते; क्वांटाइल मॅपिंगने (मॉडेलच्या आकड्यांचे वितरण नोंदींच्या वितरणाशी जुळवण्याच्या पद्धतीने) तो थेट एका हवामान केंद्राच्या नोंदींशी जुळवला, तर चढउतार कृत्रिमरीत्या ताणला जातो आणि चौकोनातील सर्व केंद्रांवर एकाच दिवशी अतिवृष्टी दिसू लागते. हलका पाऊस वाजवीपेक्षा जास्त दिवस पाडण्याची मॉडेलांची खोड मुळात प्रक्रियांच्या मांडणीतली आहे; दुरुस्तीने ती केवळ झाकली जाते. आधी चौकोन आणि निरीक्षणे एकाच क्षेत्रफळावर आणून तुलना करावी.

मॉडेलच्या एकाच धावेवर, म्हणजे ते एकदाच चालवून मिळालेल्या आकड्यांवर, निष्कर्ष काढू नये, कारण प्रादेशिक पातळीवर नैसर्गिक अस्थिरता काही दशके खरा बदल झाकू शकते; सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून घेतलेल्या अनेक धावा लागतात.

आकडे तरीही विचित्र दिसले, तर दिनदर्शिका तपासावी. काही मॉडेलांचे वर्ष ३६० दिवसांचे असते आणि ते ३६५ दिवसांच्या नोंदींशी तसेच जोडले, तर ऋतुचक्र दरवर्षी पाच दिवसांनी सरकत जाते.