जुन्या माहितीपटांतून विद्यापीठाचा इतिहास कसा वाचावा

विद्यापीठाच्या कपाटात माहितीपटांची 16 मिमी रुंद फिल्मची रिळे सापडली, तर ती लगेच प्रोजेक्टरवर चढवू नका. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेट (एक प्रकारचे प्लास्टिक) फिल्म कुजू लागली आहे. ती आक्रसते, कडेची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत आणि फिल्म फाटते. असे रीळ वेगळे, थंड व कोरड्या जागी ठेवा. दात्यांविना चालणाऱ्या स्कॅनरवरच ते उतरवून घ्या. 400 फुटांचे रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने सुमारे 11 मिनिटे चालते.

साल ठरवताना डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, डब्यांची अदलाबदल झालेली असू शकते. चौकटीतल्या इमारती बांधकामाच्या नोंदींशी, पाहुणे वार्षिक अहवालांशी ताडून पाहा.

मग माहितीपट माजी विद्यार्थी आणि निवृत्त कर्मचाऱ्यांना दाखवा, पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. निवेदन कानावर पडले की माणसे त्याचीच री ओढतात. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, ओळखलेल्या प्रत्येक नावापुढे मिनिट-सेकंद लिहा. निवेदनाने काय गाळले, म्हणजे संप, वसतिगृहातल्या तक्रारी, सफाई कामगार, हे टिपणे सर्वांत मोलाचे. कारण असे माहितीपट बहुधा विद्यापीठानेच प्रसिद्धीसाठी बनवून घेतलेले असतात.